बर्लिनची कलादालने आणि एक ओळखीचा दगड

बर्लिनमध्ये समकालीन कला पाहायला निघालेल्या माणसाने आधी इमारती पाहण्याची तयारी ठेवावी, कारण या शहरात नव्या कलेसाठी मुद्दाम बांधलेल्या जागा थोड्या आणि इतर कामांतून निवृत्त झालेल्या जागा फार. ऑगुस्टस्ट्रासेवरील केडब्ल्यू ही संस्था मार्गारीनच्या जुन्या कारखान्यात आहे, नॉयकोल्न भागातील किंडल हे कलाकेंद्र एका बंद पडलेल्या ब्रुअरीत आहे आणि क्रॉइत्सबर्गमधील क्योनिग गॅलरी चक्क चर्चमध्ये आहे. माझी तक्रार अशी की, या इमारती आत मांडलेल्या कलेला खाऊन टाकतात. किंडलमध्ये बिअर उकळण्याची तांब्याची सहा अजस्र भांडी अजून जागच्या जागी ठेवलेली आहेत. त्यांच्याभोवती मी मनसोक्त फिरले, पण वरच्या मजल्यांवर काय मांडले होते ते आज विचाराल तर धड आठवत नाही. सेंट अ‍ॅग्नेस हे चर्च वेर्नर ड्यूटमान या वास्तुकाराने १९६०च्या दशकात बांधले. बाहेरून ते करडे, बोडके आणि काहीसे दांडगट दिसते; आत मात्र उंच भिंतींवरून असा उजेड उतरतो की त्यात टांगलेले कोणतेही चित्र पवित्र वाटू लागते. चित्राला अशी फुकटची मदत मिळालेली मला आवडत नाही.

या बाबतीत सर्वांवर कडी केली ती राइनहार्टस्ट्रासेवरील बंकरने. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३च्या सुमारास, फ्रीडरिखस्ट्रासे स्थानकाजवळच्या रेल्वे प्रवाशांना हवाई हल्ल्यांपासून आसरा देण्यासाठी हा पाच मजली ठोकळा उभारला गेला. त्याच्या भिंती दोन-दोन मीटर जाड आहेत. युद्ध संपल्यावर लाल सेनेने तिथे कैदी ठेवले. नंतर तिथे कापडाचे गोदाम झाले, आणि पुढे पूर्व जर्मनीच्या काळात क्यूबाहून येणारी फळे साठवली जाऊ लागल्यामुळे लोक त्याला केळ्यांचा बंकर म्हणू लागले. बर्लिनची भिंत पडल्यावर तिथे टेक्नो संगीताचा क्लब निघाला. अखेर २००३मध्ये कलासंग्राहक क्रिस्टियान बोरोस यांनी तो विकत घेतला, गच्चीवर स्वतःचे घर बांधले आणि २००८पासून खालच्या ऐंशी खोल्यांतील आपला संग्रह लोकांना दाखवायला सुरुवात केली. आधी नोंदणी करून, मार्गदर्शकाबरोबर, लहानशा गटानेच आत जाता येते आणि छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. ही मनाई मला अजिबात खटकली नाही, उलट हात मोकळे राहिल्याने बरेच वाटले. खटकले ते असे की, आम्ही सगळेच कलाकृतीकडे क्षणभर पाहून लगेच भिंतीवरचे जुने रंग, जिन्यांची रचना आणि काँक्रीटमधले डाग न्याहाळू लागत होतो. ज्या खोलीत कधी माणसे जीव मुठीत धरून बसली, तिथे नंतर ठेवलेल्या कोणत्याही वस्तूची बाजू लंगडीच पडते, मग ती वस्तू कितीही विचारपूर्वक घडवलेली असो.

पोत्सडामर स्ट्रासेच्या आसपासची दालने विक्रीसाठी असतात आणि तिथे प्रवेश फुकट असतो, त्यामुळे संकोच बाळगण्याचे कारण नाही, असे बर्लिनमध्ये शिकणाऱ्या माझ्या भाचीने मला बजावले होते. त्या रस्त्यावर तुर्की किराणा दुकाने, स्वस्त कपड्यांची दुकाने आणि मागच्या चौकांत दडलेली दालने एकमेकांना खेटून आहेत. एका जुन्या वर्तमानपत्राच्या कार्यालयाच्या आवारातही आता दालने थाटली आहेत. दारावरची घंटा दाबायची, दार आतून उघडले जाण्याची वाट पाहायची आणि मग पांढऱ्याशुभ्र शांततेत शिरायचे, असा हा रिवाज. भिंतीवर ना चित्राचे नाव, ना चित्रकाराचे. ते सगळे एका छापील कागदावर असते आणि तो कागद टेबलावरून आपणच उचलून घ्यायचा असतो. एका दालनात, ज्याचे नाव मी देत नाही, टेबल इतके उंच होते की पलीकडे बसलेल्या तरुणाचे फक्त कपाळ दिसत होते, आणि आम्ही आत असेपर्यंत ते कपाळ वर उचलले गेले नाही. भाचीच्या मते हा उद्धटपणा नसून पाहणाऱ्याला एकटे सोडण्याची इथली सभ्यता आहे. असेलही. पण आमच्या मुंबईत जहांगीरला चित्रकार स्वतःच खुर्ची टाकून बसलेला असतो, दोन शब्द बोलतो आणि निघताना अभिप्रायाची वही पुढे सरकवतो. त्याच्या उत्साहाने कधी कधी जीव नकोसा होतो हे मान्य करूनही मला तीच पद्धत माणसांची वाटते. गंमत म्हणजे मुंबईच्या आधुनिक चित्रकारांचा एक मोठा पाठीराखा याच शहरातून आलेला होता. रुडॉल्फ फॉन लेडन हा बर्लिनमध्ये जन्मलेला भूगर्भशास्त्रज्ञ नाझी सत्तेवर आले त्याच साली, म्हणजे १९३३मध्ये, मुंबईत आला, वर्तमानपत्रांतून कलासमीक्षा लिहू लागला आणि रझा, हुसेन, आरा यांच्यासारख्या, तेव्हा कोणी विचारत नसलेल्या, चित्रकारांच्या मागे उभा राहिला. त्या कपाळाला हे सांगावेसे मला फार वाटत होते.

हाम्बुर्गर बानहोफ हे नावाप्रमाणेच रेल्वे स्थानक. १८४०च्या दशकात हाम्बुर्गच्या गाड्यांसाठी बांधलेले, १८८४मध्ये गाड्यांसाठी बंद झालेले, पुढे वाहतुकीचे संग्रहालय आणि १९९६पासून समकालीन कलेचे संग्रहालय. इथेही इमारत कलेला खाणार, या समजुतीने मी गेले होते आणि लोखंडी कमानींच्या मुख्य दालनात ती समजूत पक्कीही झाली. मग आम्ही योझेफ बॉइस या जर्मन कलावंताच्या कलाकृतींपाशी आलो.

बॉइसविषयी मला पूर्वीपासून थोडा संशय होता. युद्धात क्रिमियामध्ये आपले विमान कोसळले तेव्हा तातार लोकांनी चरबी चोपडून आणि नमद्यात, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडात, गुंडाळून आपल्याला वाचवले, अशी कथा तो सांगत असे. ती बहुतांशी रचलेली आहे, असे आता अभ्यासक मानतात. त्या कथेतील चरबी आणि नमदा हे दोन पदार्थ त्याच्या कामात मात्र जन्मभर येत राहिले. असा माणूस एक तर थोर असतो किंवा बनेल, आणि बॉइस दोन्ही असावा. पण त्याची ‘विसाव्या शतकाचा अंत’ ही १९८२-८३ची कलाकृती समोर आली आणि मी त्याचे चरित्र विसरून गेले, कारण जमिनीवर आडवेतिडवे पडलेले ते वीसेक दगड बसाल्टचे होते. काळा पाषाण! कोणी त्यांना घडवलेले नव्हते; लाव्हा निवताना आपोआप पडणारे त्यांचे पाच-सहा बाजूंचे खांब होते, पुरुषभर लांबीचे, ओंडक्यांसारखे लोळत पडलेले.

जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक दगडाच्या एका टोकाकडे शंकूच्या आकाराचा तुकडा कापून काढलेला होता, तो घासून गुळगुळीत केलेला होता आणि चिकणमाती व नमदा यांचे अस्तर लावून पुन्हा त्याच खोबणीत बसवलेला होता. खोबणीच्या कडेने नमद्याची करडी किनार किंचित बाहेर डोकावत होती. दगडाची बाकी सगळी अंगे खडबडीत, आणि तेवढी एकच चकती गुळगुळीत. याच जातीचे सात हजार दगड आणि सात हजार ओकची झाडे बॉइसने १९८२मध्ये कासेल शहरात लावायला घेतली होती. तो १९८६मध्ये गेला आणि शेवटचे झाड पुढच्या वर्षी त्याच्या मुलाने लावले. तिथे दगडाशेजारी झाड वाढते. इथे झाड नाही, नुसते दगड आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाला काढून परत बसवलेली ती एक जखम आहे. आतापर्यंत पाहिलेल्या साऱ्या दालनांत हीच एक वस्तू अशी होती की जिला इमारतीची गरज नव्हती. ती उघड्या माळावर ठेवली असती तरी तेवढीच जड वाटली असती.

मी नमद्याची किनार पाहायला वाकले, तेव्हा भाची दबक्या आवाजात म्हणाली, “मावशी, अजून खाली वाकू नकोस, तो बघतोय.” तो म्हणजे दालनाचा रखवालदार, साठीच्या आसपासचा, जाड चष्म्याचा गृहस्थ. तो आला, पण रागवायला नव्हे. इतका वेळ या दगडांपाशी सहसा कोणी थांबत नाही, म्हणून त्याला मी कोण याचे कुतूहल वाटले होते. भाचीने दुभाषाचे काम केले. मी त्याला सांगितले की माझे माहेर अंधेरीचे, आणि तिथे गिल्बर्ट हिल नावाचा असल्याच खांबांचा उभा कडा आहे, सुमारे साठ मीटर उंच आणि साडेसहा कोटी वर्षांहून जुना. तुमच्याकडचा दगड त्या मानाने बराच तरुण. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तो कोणत्या संग्रहालयात आहे?”

संग्रहालयात नाही, वस्तीत आहे, माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे आणि पायथ्याशी लोक स्कूटर लावतात, असे सांगितल्यावर त्याचा विश्वास बसेना. लहानपणी आम्हीही त्या कड्याकडे कधी मान वर करून पाहिले नव्हते, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. शेवटी भाचीने फोनवर गिल्बर्ट हिलचे छायाचित्र शोधून त्याच्यापुढे धरले. त्याने चष्मा कपाळावर सरकवून ते बारकाईने पाहिले, पण कडा पाहून झाल्यावर त्याचे बोट पायथ्याला खेटलेल्या इमारतींवरून फिरू लागले आणि त्याने विचारले की इतक्या जवळ किती लोक राहतात. आकडा मला ठाऊक नव्हता. त्यांतल्या एका इमारतीत माझी मावसबहीण तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरे काहीच दिसत नाही, एवढे मी सांगितले, आणि भाचीने ते जर्मनमध्ये सांगताना त्यात आणखी काय घातले कोण जाणे, तो मोठ्याने हसला.