पंधरा हजारांत टेलिफोटो झूम लेन्स: माझा अनुभव

माझ्याकडे कॅननचा १५००डी आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स. घरचे समारंभ, गडकिल्ले, सहली, सगळं तिच्यावर छान निघतं. पक्ष्यांचा नाद लागला आणि ती अपुरी पडायला लागली. पुण्यात हडपसरच्या पुढे कवडी पाटला शेकाटे पक्षी पाण्याच्या अगदी काठाशी चरत असतात, तरी फोटोत त्यांचे लांब गुलाबी पाय शोधावे लागत. दूरचं जवळ आणणारी टेलिफोटो झूम घ्यायची असं ठरवलं. बजेट १५,००० रुपये, आणि ते वाढणार नव्हतं.

दुकानात जाण्याआधी मी वही घेऊन बसले. १५००डीचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) साधारण २२.३ मिमी रुंद आहे. या आकड्याला लेन्सच्या मिलिमीटरने (फोकल लेंथने, म्हणजे तिच्या नावातल्या आकड्याने) भागायचं आणि पक्ष्याच्या अंतराने गुणायचं, की फ्रेममध्ये किती रुंदी मावते ते कळतं. १० मीटरवर २५० मिमीने सुमारे ८९ सेंमी, ३०० ने ७४ आणि ६०० ने ३७. वेडा राघू शेपटीची लांब पिसं सोडली तर सोळा-अठरा सेंमीचा. म्हणजे २५० वर तो फ्रेमचा जवळपास पाचवा हिस्सा व्यापतो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फोटोची रुंदी ६००० पिक्सेल, त्यातले बाराशे पक्ष्याच्या वाट्याला येतात. आजूबाजूचं कापून टाकलं तरी छोटी प्रिंट सुरेख येईल. हा हिशोब मांडल्यावर २५० आणि ३०० मधल्या फरकाची माझी धास्ती गेली.

मग यादी केली. सगळ्यात स्वस्त होती कॅननची ७५-३०० थ्री. मिलिमीटर भरपूर, पण तिच्यात इमेज स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही. माझ्या कॅमेऱ्यातल्यासारख्या लहान (क्रॉप) सेन्सरवर ३०० मिमी म्हणजे फुल फ्रेमवरच्या ४८० सारखी दृष्टी, त्यामुळे हातात धरून काढायचं तर शटर स्पीड निदान १/५०० हवा. सकाळी सातच्या उन्हात एफ ५.६ वर (एफ म्हणजे लेन्सचं तोंड, अपर्चर, किती उघडं ते सांगणारा आकडा) तो मिळवायला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, फार चढवावी लागते. ती मी बाद केली. दुसरी कॅननचीच ५५-२५० एसटीएम (एसटीएम हे फोकसच्या मोटरचं नाव). ३७५ ग्रॅम वजन, स्टॅबिलायझेशन आहे. तिसरी कॅननची ७०-३०० आयएस टू, नॅनो यूएसएम ही वेगवान मोटर असलेली. फोकस झटकन होतो, वजन ७१० ग्रॅम, आणि किंमत सेकंड हँडमध्येही माझ्या आवाक्याबाहेर. आणि स्वप्नातली म्हणावी अशी सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी.

लेन्सची किंमत आणि वजन एवढं कशाने चढतं, हे इथे नीट समजून घ्यावं. फोकल लेंथला एफच्या आकड्याने भागलं की समोरून प्रकाश घ्यायला किती रुंद तोंड लागतं ते मिळतं. २५० भागिले ५.६, साधारण ४५ मिमी. म्हणून ५५-२५० ला पुढे बसवायचा फिल्टर ५८ मिमीचा पुरतो. ६०० भागिले ६.३ केलं की ९५ मिमी येतात, आणि सिग्माच्या त्या लेन्सला फिल्टरही बरोबर ९५ मिमीचा लागतो. एवढी मोठी काच आली की पैसा आणि वजन तिच्या मागून येणारच.

तरीही ६०० चा मोह सुटेना, म्हणून ती भाड्याने घेऊन भिगवणला गेले. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. कुंभारगावचे नाववाले पहाटे घेऊन जातात आणि पक्षी उठणार नाहीत इतक्या अंतरावर नाव थांबवतात. त्यांना 'अजून पुढे घ्या' म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. चरणारा थवा फोटोसाठी उडवणं मला मान्य नाही. जवळजवळ दोन किलोची लेन्स डुलत्या नावेत हातात धरून दंड भरून आले. दूरचे पट्टकादंब (बार-हेडेड गूज) मात्र असे आले की डोक्यावरच्या पट्ट्या मोजाव्यात! पण थवा डोक्यावरून गेला तेव्हा १५० मिमीलाही तो फ्रेममध्ये मावेना, आणि मला थवाच हवा होता. ३० मीटरवर २५० मिमीची फ्रेम सुमारे १.८ मीटर उंच भरते. त्यात सव्वा मीटरचा रोहित पायांपासून चोचीपर्यंत ऐटीत मावतो. शिवाय झूम ५५ पर्यंत मागे आणता येतो. माझा कौल तिथेच ५५-२५० कडे झुकला.

७०-३०० चा विचारही मी मनापासून केला होता. पण १५००डीला फोकस पॉइंट नऊ, त्यातला फक्त मधला क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा), आणि सेकंदाला तीन फोटो. उडत्या पक्ष्यामागे धावायला बॉडीचीच, म्हणजे कॅमेऱ्याचीच, मर्यादा आधी आडवी येते. आहे त्या बॉडीवर जास्त वेगाच्या मोटरचे पैसे पुरते वसूल होणार नव्हते.

आता खरेदी. ५५-२५० नावाच्या लेन्स एकाहून जास्त आहेत, आणि इथे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. एका दुकानात मला ५५-२५० आयएस टू दाखवून 'ताई, एकच आहे, फक्त नाव वेगळं' असं सांगितलं. एक नाही. आयएस टूमध्ये फोकस करताना पुढची काच गोल फिरते, मोटर घरघरते. पाण्यावरची चकाकी मारायला पोलरायझर लावला तर तो काचेबरोबर फिरतो आणि दर वेळी पुन्हा जुळवावा लागतो. एसटीएममध्ये काच फिरत नाही, फोकस शांत आणि चपळ. लेन्सच्या अंगावर 'एसटीएम' अशी अक्षरं आहेत ना, एवढं स्वतः वाचून घ्यावं.

मी सेकंड हँड एसटीएम घेतली, एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याकडून. त्याला मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यायचा होता. अनेकजण तिकडे वळल्याने जुन्या माउंटच्या, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर बसणाऱ्या, चांगल्या लेन्स बऱ्यापैकी भावात मिळतात. भेटायला जाताना माझी बॉडी, लॅपटॉप आणि टॉर्च नेला. दोन्ही बाजूंची झाकणं काढून एकीकडून टॉर्च मारायचा आणि दुसरीकडून तिरपं बघायचं. थोडी धूळ चालते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, आणि मग कितीही स्वस्त असली तरी लेन्स परत द्यायची. झूम रिंग पूर्ण फिरवून कुठे अडकते का ते पाहिलं. मग समोरच्या इमारतीवरची पाटी २५० वर, अपर्चर पूर्ण उघडं ठेवून, हातात धरून टिपली. स्टॅबिलायझेशन चालू ठेवून आणि बंद करूनही. लॅपटॉपवर शंभर टक्के मोठं करून चारही कोपरे ताडून पाहिले. एकच बाजू धूसर आली तर आतली काच सरकलेली असण्याची शक्यता असते. बाकी सगळ्या परीक्षांपेक्षा मी ही महत्त्वाची मानते, कारण पक्ष्यांचे जवळपास सगळे फोटो झूमच्या याच टोकाला निघतात. तिथे लेन्स तीक्ष्ण नसेल तर खोक्यावर छापलेल्या मिलिमीटरचा काय उपयोग? पाटीवरचा फोन नंबर आकडान् आकडा वाचता आला. मूळ बिलावरचा सीरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवला आणि पैसे दिले. बजेटमधून पोलरायझर आणि हूडपुरते उरले.

निकॉनवाल्यांनी आणखी एक बघावं. डी३१००, डी३२०० सारख्या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नसते, म्हणून स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर आपोआप फोकस करत नाहीत. आणि नव्या एएफ-पी लेन्सनाही या दोन बॉड्यांवर ऑटोफोकस मिळत नाही. आधी बॉडीशी जुळते का ते तपासावं, मगच भाव करावा.

आता वापरताना अपर्चर ५.६ ते ७.१, फांदीवर बसलेल्या पक्ष्याला १/५०० च्या वर, उडत्याला १/१६०० च्या आसपास. स्टॅबिलायझेशन माझ्या हाताची थरथर सावरतं, पक्ष्याची हालचाल त्याने थांबत नाही, म्हणून शटरची काटकसर मी करत नाही; आयएसओ १६०० पर्यंत खुशाल चढवते. पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर राहते आणि उघडीप मिळाली की वापरात येते. तांबट, खंड्या, शिंजीर हे सोसायटीतले आणि पाषाण तलावावरचे सोबती तिच्यात मनासारखे येतात. पट्टकादंबांसाठी हिवाळ्यात एखादा शनिवार-रविवार ती मोठी लेन्स मी पुन्हा भाड्याने आणणार आहे, आणि या वेळी सोबत मोनोपॉडही (एका पायाचा स्टँड).