माळ्यावर कोण होतं?

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

दिवाळी अंकासाठी 'बडोदं आणि वाचन' असा लेख द्यायचाय. सकाळी पहिलं वाक्य लिहिलं, 'सयाजीराव महाराज द्रष्टे राजे होते.' बडोद्यातला मराठी माणूस लिहायला बसला की हे वाक्य आपोआप उमटतं, तसंच उमटलं. चॅटबॉटला म्हटलं, जरा सुधारून दे. त्याने ज्ञानाची गंगा घरोघरी वाहवली. राग यायला हवा होता, आली लाज. तिसऱ्या परिच्छेदात मीही तेच लिहिणार होते. एकापुढे एक, सगळ्यांत संभवणारा शब्द ठेवत जाणं हे त्याचं कामच आहे. माझी काय सबब?

दुपारी उलटं केलं. माझा कच्चा मजकूर दिला आणि बजावलं, तू एक ओळही लिहायची नाहीस, कौतुक नको, फक्त मला अडव. (कौतुक नको हे दोनदा सांगावं लागलं.) मजकुरात १९०६ची सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची हकिगत होती, १९१०मध्ये अमेरिकेहून आणलेले ग्रंथपाल बॉर्डन होते, खेडोपाडी फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या होत्या. त्याने विचारलं, 'सक्ती हा शब्द तीनदा आलाय. ज्या घरात मुलांच्या हातांवर कामं चालत, तिथे ती कशी वाटली असेल?'

मी उठून चहा टाकला.

पणजीची गोष्ट आठवली. शाळेचा माणूस आला की म्हणे तिला माळ्यावर लपवत. शाळेत पाठवलं नाही तर दंड व्हायचा. किती, ते चॅटबॉटलाच विचारलं. ठामपणे आकडा आला. नवी चॅट उघडून पुन्हा विचारलं, तर तितक्याच ठामपणे दुसरा. दोन्ही सोडून दिले आणि मांडवीला सेंट्रल लायब्ररी गाठली. तिथल्या काचेच्या फरशीवर मी अजूनही कपाटाला धरून चालते. आकडा सापडायच्या आत बंद व्हायची वेळ झाली.

जेवणानंतर आत्याला फोन केला. ती हसतच सुटली. "अगं, माळ्यावर माझी आजी नव्हे, तिचा भाऊ! ती तर पाटी घेऊन केव्हाची दारात उभी. आणि तो वर आहे हे त्या माणसाला तिनेच सांगितलं."

इतकी वर्षं ही गोष्ट मी उलटी सांगत आलेय, लेकीलासुद्धा.

पहिलं वाक्य खोडलं. लेख आता माळ्यापासून सुरू होतो. आत्याचं एवढंच म्हणणं, भावाचं नाव घालू नकोस. त्याचे नातू अजून दांडिया बाजारातच राहतात.