तुम्ही विचारलंत म्हणून: उंदरावर न तपासता बाळाचे कसे कळते?

मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा: क्रीमच्या डबीवर ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असे छापलेले असते, मग ते पोटातल्या बाळाला बाधणार नाही हे ठरवले कोणी आणि कसे? विचारणाऱ्या बहुधा गरोदर मुली असतात, क्वचित त्यांच्या सासवा. मी विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते हे ठाऊक असल्यामुळे माझ्याकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच ऐकायची त्यांची तयारी असते. तेवढ्यात हे उत्तर मावत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या प्रश्नामागे एक समजूत असते, ती म्हणजे उंदरांवर तपासले की खात्री झाली. मी स्वतः उंदरांपासूनच सुरुवात केली. या चाचणीत सुमारे वीस-वीस गाभण माद्यांचे चार गट करतात. तीन गटांना रसायनाच्या चढत्या मात्रा देतात, चौथ्याला रसायन देत नाहीत. व्यायच्या आदल्या दिवशी पोट उघडून प्रत्येक गर्भ तपासायचा, आणि पुष्कळदा हेच सगळे पुन्हा सशांवर करायचे. निम्म्या गर्भांची हाडे अलिझारिन नावाच्या रंगाने लालजांभळी करून बरगड्या मोजायच्या. उंदराला बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात. एखाद्याला चौदावी आखूड बरगडी दिसली की ते व्यंग म्हणायचे की नुसता फरक, यावर आमच्या टेबलाभोवती तासन्‌तास वाद होत असे. माणसाच्या बाळाच्या दृष्टीने त्या बरगडीचा अर्थ काय, हे मात्र त्या वादात कोणालाच सांगता येत नसे.

उंदराने दगा दिल्याचे सर्वांत मोठे उदाहरण थॅलिडोमाइडचे आहे. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचे औषध बाजारात आले, गरोदरपणातील मळमळीवरही दिले गेले, आणि 1961 च्या अखेरीस मागे घेतले जाईपर्यंत हातापायांची वाढ खुंटलेली हजारो मुले जन्माला आली. गाभण प्राण्यांवर ते बाजारात येण्यापूर्वी नीट तपासलेच गेले नव्हते, हे खरे. पण नंतर तपासले तेव्हा उंदरांची पिल्ले बहुतांशी धडधाकट निघाली आणि व्यंग दिसले ते सशांच्या काही जातींत व माकडांत. कारण समजायला अर्धशतक लागले. 2010 मध्ये जपानी संशोधकांनी हे औषध पेशीतल्या सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते हे दाखवले, आणि 2018 मध्ये असे दिसले की त्यामुळे हातापायांच्या घडणीला लागणारे एसएएलएल-4 हे प्रथिन माणसाच्या पेशीत नष्ट होते, उंदराच्या पेशीत होत नाही. उंदीर खोटे बोलला नव्हता, तो स्वतःपुरते खरे सांगत होता.

प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्या ‘बाळाला बाधेल का?’ हा मोठा प्रश्न फोडून लहान लहान प्रश्न विचारतात. मला सर्वांत जवळची आहे ती मूळपेशींची, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या निरनिराळ्या पेशी घडू शकतात अशा पेशींची चाचणी. उंदराच्या भ्रूणापासून पूर्वीच मिळवलेल्या आणि प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशींचे वीस मायक्रोलिटरचे थेंब पेट्री डिशच्या झाकणावर ठेवायचे आणि झाकण हलक्या हाताने उलटे करायचे. लोंबत्या थेंबाच्या तळाशी पेशी गोळा होऊन त्यांचा टाचणीच्या टोकाएवढा गोळा बनतो. पुढे हे गोळे तबकडीतल्या छोट्या खळग्यांत एकेक करून ठेवतात. दहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्या गोळ्यातला एखादा तुकडा धडधडत असतो. हृदयाच्या पेशी तयार झालेल्या असतात. रसायन घातलेल्या खळग्यांपैकी किती खळग्यांत धडधड आहे, एवढेच मोजायचे. इतक्या वर्षांनंतरही पहिली धडधड दिसली की मी शेजारच्या मुलीला हाक मारते. अर्थात या पेशीही उंदराच्याच असल्याने थॅलिडोमाइडचा धडा इथेही लागू पडतो, म्हणून आता मानवी मूळपेशींकडे ओढा आहे. अशा एका चाचणीत पेशींनी द्रवात सोडलेल्या ऑर्निथिन आणि सिस्टिन या दोन पदार्थांचे प्रमाण पाहतात. ते बिघडले तर संशय घ्यायचा.

झेब्राफिशचे भ्रूणही वापरतात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला हा चिमुकला मासा. त्याचे भ्रूण पारदर्शक असते आणि एका दिवसात हृदय हलू लागलेले दिसते. ते स्वतः अन्न खाऊ लागेपर्यंत, म्हणजे साधारण पाच दिवस, युरोपातील कायदा त्याला संरक्षित प्राणी मानत नाही. त्यामुळे ही चाचणी ‘प्राण्यांविना’ या सदरात मोडते, जे मला कायद्याच्या सोयीचे वाटते, मनाच्या नव्हे.

मेंदूचे प्रकरण सर्वांत अवघड, कारण तिथे मोजायला बरगडी नसते. जन्मताना बाळ ठीक दिसते आणि बिघाड शाळेत गेल्यावर कळतो. म्हणून मानवी पेशींवर मेंदूच्या घडणीची एकेक पायरी तपासतात: पेशी वाढतात का, जागा बदलून पुढे सरकतात का, एकमेकींशी जोडल्या जातात का, आणि बारीक इलेक्ट्रोड बसवलेल्या तबकडीवर त्यांचे संदेश एका लयीत येतात का. अशा चाचण्यांचा संच कसा वापरावा याच्या शिफारशी ओईसीडी या अनेक देशांच्या संघटनेने 2023 मध्ये प्रसिद्ध केल्या.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. तबकडीत वार (आईच्या रक्तातून बाळाला पोषण पोहोचवणारा अवयव) नसते, आईचे यकृत नसते. सायक्लोफॉस्फामाइडसारखे औषध यकृतात रूपांतर झाल्यावरच घातक बनते; नुसत्या पेशींवर घातले तर ते साळसूद दिसू शकते. म्हणून एकट्या चाचणीत काही आढळले नाही, तर त्यावरून मी ‘सुरक्षित’ असे कधीच लिहीत नाही. ते रसायन रक्तात किती उतरेल, वारेतून किती पलीकडे जाईल, याचा हिशेब सोबत लागतो. औषधांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी 2020 मध्ये अशा चाचण्यांना मर्यादित जागा दिली आणि भारताने 2023 मध्ये नियम बदलून त्यांना मान्यता दिली. तरीही तुमच्या घरातली बहुतेक औषधे प्राण्यांवर तपासलेलीच आहेत.

आता क्रीमकडे येते. भारतात 2014 पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी आहे, त्यामुळे डबीवरचे ते वाक्य वाचून घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये. त्या वाक्यापेक्षा घटकांची यादी महत्त्वाची. परवा भाचीने फोनवर यादी वाचून दाखवली, त्यात पाचवा शब्द रेटिनॉल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचे एक रूप, होता. त्याच कुळातले आयसोट्रेटिनॉइन हे मुरुमांवरचे पोटात घ्यायचे औषध माणसाच्या गर्भाला घातक असल्याचे 1980 च्या दशकातच सिद्ध झाले, आणि त्याच कुळातल्या रेटिनॉइक आम्लाने आमच्या तबकडीतली धडधडही थांबते. त्वचेतून फारच थोडे आत जाते, हे मी तिला सांगितले, आणि तरीही बाळंतपण होईपर्यंत ती डबी कपाटात ठेव, असेही सांगितले. तिने विचारले, आतापर्यंत लावले त्याचे काय? मी म्हटले, चेहऱ्याला बोटभर लावलेल्याची धास्ती घेऊ नकोस, पण पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा डबी सोबत ने आणि डॉक्टरांना दाखव.