गुळव्याचा लेख

'भारत हा कृषिप्रधान देश आहे. प्राचीन काळापासून आपल्या संस्कृतीत गुळाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.' शेती पुरवणीच्या मेलवर आलेल्या एका लेखाची ही पहिली दोन वाक्यं. अशा सुरुवातीचे लेख आमच्याकडे दर आठवड्याला येतात आणि कामाच्या गडबडीत त्यातले बरेचसे दुसऱ्या परिच्छेदाच्या पुढं वाचले जात नाहीत. हा मी शेवटपर्यंत वाचला. खाली नाव होतं, कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं गाव होतं आणि त्याखाली एकच शब्द होता: गुळव्या.

गुऱ्हाळ ज्यांनी जवळून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. घाणा एकाचा असतो, ऊस दुसऱ्याचा. पण काहिलीतल्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या पसरट कढईतल्या, रसाचा गूळ होणार की तो वाया जाणार, हे गुळव्याच्या हातात असतं. चुना किती, भेंडीचं पाणी कधी, जाळ कधी कमी करायचा, काहील कधी उतरायची, हे सगळे निर्णय त्याचे. असा माणूस आपणहून लेख पाठवतो आणि त्यात गुळव्या एकदाही येत नाही! वेद होते, आयुर्वेद होता, लोह आणि कॅल्शियम होतं, निर्यातीच्या संधी होत्या, शेवटी 'शासनाने याकडे लक्ष द्यावे' होतं. काहील नव्हती.

मी फोन केला. 'गुरवारी यार्डात सौद्याला येतोय की, तवाच येतो तुमच्याकडं,' म्हणाले. गुरुवार हा आमचा पुरवणीची पानं छपाईला सोडायचा दिवस. त्या गुरुवारी नेमका तिसऱ्या पानाचा मुख्य लेख आलाच नाही. ज्यांनी कबूल केला होता त्यांनी सकाळी 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणून कळवलं. पान उघडं, गुळाचा हंगाम ऐन भरात, आणि बाराच्या सुमाराला ते गुळवे, अण्णा, दारात उभे. सोबत कॉलेजात जाणारा मुलगा. लेख त्यानंच मोबाइलवर टाइप केला होता.

चहा आला. लेखाची प्रिंट मी मुद्दामच बाहेर काढली नाही. विचारलं, 'अण्णा, गूळ झाला हे तुम्हाला कळतं कसं?'

त्यांनी कप खाली ठेवला. 'आधी मळी बघायची. रस तापला की काळी मळी वर येती, ती काढायची. भेंडीचं पाणी घातलं की राहिलेली बी वर येती. मग रस सोन्यागत दिसाय लागतोय. फुडं उकळी बदलती. बुडबुडं जड हुत्यात, फुटताना त्यांचा आवाज येतोय. त्यो आवाज आला की थेंब थंड पाण्यात सोडायचा, बोटानं गोळी करायची आन् काहिलीच्या काठावर हाणायची. टण् वाजली की उतरा.'

'आणि चुकलं तर?'

'लवकर उतरली तर रवा, म्हंजी गुळाची ढेप, बसत न्हाई, पाघळतोय. उशीर झाला तर करपट. मधी वेळ असती ती लई थोडी.' हे सांगताना त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती. हातात गोळी असल्याप्रमाणे दाब कमी-जास्त होत होता.

एवढं सगळं असताना लेखात यातलं काहीच का नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले, 'त्ये काय लिव्हायचं म्याडम? त्ये तर सगळ्यास्नी म्हाईत असतंय.'

माझ्या अनुभवात चांगले लेख अडतात ते इथंच. डॉक्टर असो, वायरमन असो नाहीतर शिक्षक, रोज हाताखालून जाणारी गोष्ट त्यांना लिहिण्याजोगी वाटत नाही. मग लेख लिहायचा म्हटलं की कुठंतरी वाचलेलं आठवून लिहितात. ते तर वाचकानंही कुठंतरी वाचलेलं असतं. कोल्हापूर शहरात, राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये किलोभर गूळ आणणाऱ्या बाईला वेदांतला उल्लेख नकोय. आपल्या डब्यातला गूळ घट्ट का आणि शेजारणीचा पाघळलेला का, याचं उत्तर तिला या माणसाशिवाय दुसरं कोण देणार? घट्ट गुळासाठी काहील साधारण ११८ अंश सेल्सिअसला उतरायची, असं गुळाचे तंत्रज्ञ सांगतात. अण्णांची गोळी थर्मामीटरशिवाय तेच सांगते. ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवली तर चौकट तयार, असं मी तिथल्या तिथं लिहून ठेवलं.

मग प्रिंट काढली आणि लाल पेन घेऊन बसलो. मधले दोन परिच्छेद अण्णांचे नव्हते हे उघड दिसत होतं. 'सदर पदार्थामध्ये विपुल प्रमाणात आढळणारे' ही भाषा आधीच्या-नंतरच्या मजकुराशी कुठंच जुळत नव्हती. मुलानं सांगून टाकलं, इंटरनेटवरनं घेतलेत. मी त्याला रागावले नाही, पण ते परिच्छेद पूर्ण काढले. दुसऱ्याचा मजकूर आपल्या नावावर छापणं ही चोरी तर आहेच, शिवाय त्यातली चूकही मग आपलीच होते. त्याच परिच्छेदांत 'मधुमेही व्यक्तींनी साखरेऐवजी गूळ खाल्ल्यास अपाय होत नाही' असं वाक्य होतं. गुळात मुख्यतः सुक्रोजच असतं, म्हणजे साखरच. गूळ खाल्ला तरी रक्तातली साखर वाढते. आमच्या पुरवणीवर विश्वास ठेवून एखाद्या घरात हे वाक्य अमलात आलं असतं तर? आरोग्याचा दावा दिसला की तो कुणी, कशाच्या आधारावर केलाय हे विचारायचं, आणि उत्तर नसेल तर वाक्य काढायचं. यात मी तडजोड करत नाही. 'रक्तक्षय बरा होतो' हेही गेलं.

सालाचा एक घोळ होता. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये गुळाची बाजारपेठ म्हणून शाहूपुरी वसवली, असं लिहिलं होतं. १९०२ हे साल कोल्हापूरकराच्या डोक्यात पक्कं असतं ते आरक्षणाच्या आदेशामुळं. शाहूपुरी त्याआधीची, महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि १८९५ मध्ये पेठ वसली. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन २०१४ मध्ये मिळालं, ते साल बरोबर होतं. 'जगातील सर्वोत्कृष्ट गूळ' काढायला अण्णा तयार नव्हते. 'मग काय खोटं हाय?' म्हणाले. मी म्हटलं, 'अण्णा, तुम्ही मळी कशी काढता ते लिहा. सर्वोत्कृष्ट आहे का नाही ते वाचणारा ठरवेल.' थोडा वेळ विचार करून त्यांनी स्वतःच पेन मागून घेतलं आणि ते वाक्य खोडलं.

इथवर काम नेहमीचंच होतं. मी सहज विचारलं, 'आज सौद्यात कसा गेला गूळ?'

'पडला.'

'का?'

'रंग न्हवता.'

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. अण्णांनी हळूहळू सांगितलं. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून रसात पावडर टाकतात, सोडियम हायड्रोसल्फाइट. गुऱ्हाळावर तिला नुसतं हायड्रॉस म्हणतात. तिनं रंग उजळतो. साठवणीत पुढं तो उतरतोच, पण सौद्याच्या दिवशी रवा देखणा दिसतो आणि बोली चढते. अण्णा आपल्या स्वतःच्या उसाच्या आधणात, म्हणजे काहिलीत एका वेळी उकळायला घेतलेल्या रसात, ती टाकत नाहीत. त्यांचा गूळ तांबूस निघतो आणि दर कमी येतो. लोकांच्या आधणात मात्र मालक सांगेल तसं करावं लागतं.

हे लेखात यायला हवं, हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. 'पर लिव्हून कसं चालंल म्याडम? उद्या मला काहिलीवर कोन बोलवंल?'

मी मोबाइलमधलं रेकॉर्डिंग बंद केलं. माझं पान भरण्यासाठी कुणाची भाकरी धोक्यात घालायचा मला अधिकार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. हा भाग न घेताही लेख छापता येईल, हेही सांगितलं, आणि तो छापलाही असता. पण तो सणावाराला छापतात तसा लेख झाला असता, गोड आणि कुणाच्याच उपयोगाचा नाही. कुठल्या गुऱ्हाळात पावडर पडते हे वाचकाला कळायची गरज नाही, ती का पडते एवढं कळलं पाहिजे, असं मी म्हटलं आणि गप्प बसले. निर्णय त्यांचा होता.

बराच वेळ गेला. मग म्हणाले, 'मी माझ्या गुळात पावडर घालत न्हाई, आन् मला दर कमी मिळतोय. एवढं माझं मी लिव्हू शकतो.'

तेच वाक्य लेखाचं पहिलं वाक्य झालं. वेद, कृषिप्रधान देश, सगळं त्याच्यापुढं आपोआप गळालं. लेखाची सुरुवात शोधताना मी नेहमी हेच बघते, की कुठलं वाक्य लिहायला लेखकाला सगळ्यात जड गेलं. बहुतेक वेळा ते तळाशी दडलेलं असतं, नाहीतर लिहिलेलंच नसतं.

तरी एकच बाजू छापणं बरोबर नव्हतं. मी एका अडत व्यापाऱ्याला फोन लावला. ते म्हणाले, आपला बराच गूळ गुजरातला जातो, तिकडचा खरेदीदार रंग बघून भाव करतो, आम्ही मधले. त्यांचं म्हणणं नाव न घालता, त्यांच्याच शब्दांत घेतलं. गुळात सल्फर डायऑक्साइडचा (अशा पावडरीतून राहणाऱ्या गंधकाच्या संयुगाचा) अंश दर किलोला ७० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, हा अन्नसुरक्षेचा नियमही चौकटीत टाकला, म्हणजे वाचकाला मोजमाप कळेल.

दुपारी अण्णा बोलत होते, मुलगा आमच्या कॉम्प्युटरवर टाइप करत होता, मी फक्त प्रश्न विचारत होते. अण्णांचा आग्रह होता की छापताना भाषा 'पुस्तकी' पाहिजे. व्याकरण प्रमाण ठेवलं. पण काहील, आधण, मळी, चुलवाण, रवा हे शब्द जसेच्या तसे ठेवले, अवतरणचिन्हाशिवाय. मूळ लेखात 'सदर प्रक्रिया अत्यंत कौशल्यपूर्ण रीतीने पार पाडली जाते' होतं, त्याच्या जागी 'मी गोळी काठावर मारतो आणि ऐकतो' आलं. शेवटी सगळा लेख मी त्यांना मोठ्यानं वाचायला लावला. जिथं त्यांचा श्वास तुटला तिथं वाक्य तोडलं. एका ठिकाणी ते आपणहून थांबले, 'हे मी असं बोलत न्हाई' म्हणाले, आणि ते वाक्य माझं होतं. लगेच काढलं.

लेख नऊशे शब्दांत बसला. पान लावणाऱ्या सहकाऱ्यानं 'गुळाचा गोडवा' असं हेडिंग टाकून ठेवलं होतं. दर हंगामात कुठल्या ना कुठल्या पुरवणीत ते असतंच. बदलून 'रंगाला दर, गुळाला नाही' केलं. फोटो मुलाच्या मोबाइलमधला घेतला: वाफ, काहील आणि झाऱ्यावरची मळी. साडेसातला पान सुटलं.

लेख छापून आल्यावर फोन बरेच आले, पण महत्त्वाचं होतं ते एका किरकोळ दुकानदाराचं पत्र. तांबूस गूळ ठेवला तर महिनाभर पडून राहतो, गिऱ्हाईकच पिवळा मागतं, मग दोष फक्त बाजाराला का, असं त्यांनी मुद्देसूद लिहिलं होतं. पुढच्या अंकात ते आम्ही पूर्ण छापलं. त्याच सकाळी अण्णांचा फोन.

'म्याडम, मला उत्तर द्यायचंय.'

'द्या की. दीडशे शब्द. आणि अण्णा, त्यांचं नेमकं कुठलं वाक्य पटलं नाही, तिथनंच सुरुवात करा.'

'त्येंचं गिऱ्हाइकाचं म्हननं खरं हाय. पर गिऱ्हाइकाला तांबडा गूळ कुनी चाखायला दिलाय का, त्ये इचारतो,' म्हणाले, आणि फोन चालू असतानाच मुलाला टाइप करायला हाक मारली.