तुम्ही विचारलंत म्हणून: दुधी फिल्म चालेल का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एमएस्सीच्या मुलामुलींचा पावसाळ्यातला ठरलेला प्रश्न: लेसरची तीव्रता रोखणारी रंगद्रव्याची फिल्म दुधी झाली, पण प्रकाश तर छान अडवते, मग चालेल का?

चालणार नाही. दुधी फिल्म मंद प्रकाशही तेवढाच अडवते, कारण ती तो विखुरते. खरी फिल्म मंद प्रकाश बराचसा सोडते आणि तीव्रता वाढत जाते तशी कमी सोडते.

दोष आपल्या जुलैतल्या हवेचा. फिल्म ओतताना द्रावक म्हणून वापरलेला क्लोरोफॉर्म उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प थेंबाथेंबानं साचतं आणि पॉलिमर घट्ट होताना त्या थेंबांच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. म्हणून उडणं सावकाश हवं.

1 ग्रॅम पीएमएमए (फिल्मचा पॉलिमर, पारदर्शक ॲक्रिलिक प्लास्टिक) 15 मिली क्लोरोफॉर्ममध्ये झाकून रात्रभर ढवळा. टेट्राफिनाइलपॉर्फिरिन, म्हणजे आपलं रंगद्रव्य, 1 मिलीग्रॅमच लागतं, पण तेवढं वजन नेमकं होत नाही. 10 मिलीग्रॅम 10 मिली क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून त्यातलं 1 मिली मिसळा. जास्त घातलंत तर रेणू एकमेकांना चिकटतात आणि वर्णपटातली शिखरं रुंदावतात. मिश्रण गाळा, बुडबुडे निघेपर्यंत ठेवा, मग 9 सेंटिमीटरच्या काचेच्या डिशमध्ये ओता. प्लास्टिकची नको, पॉलिस्टायरीन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं. डिश पाणसळीनं समतल करा, नाहीतर फिल्म एका कडेला जाड होते; नीट जमली तर जाडी साधारण 0.14 मिलिमीटर भरते. वर फनेल उलटं ठेवून फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) दोन दिवस वाळू द्या. आर्द्रता 50 टक्क्यांवर असेल तर ओतूच नका, थांबा. शेवटी 60 अंशांना काही तास ओव्हन. फिल्म सुटत नसेल तर डिश पाण्यात बुडवून ठेवा.

चाचणी 532 नॅनोमीटरच्या नॅनोसेकंद पल्सनं घ्या. सतत चालणाऱ्या लेसरनं फिल्म तापते, किरण पसरतो, आणि डिटेक्टरपुढे लहान छिद्र असेल तर उष्णतेचा परिणाम शोषणाचा वाटतो. छिद्र काढून सगळा प्रकाश गोळा करा. रंगद्रव्य नसलेली तशीच फिल्म शेजारी मोजायलाच हवी. तीव्रता पुन्हा उतरवल्यावर त्याच जागी पारगमन (आरपार जाणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण) मूळ आकड्यावर आलं नाही, तर तिथे रंग उडालाय किंवा फिल्म जळलीय. ते वाचन टाकून द्या. आणि या फिल्मला चष्मा समजून डोळा किरणासमोर कधीही नेऊ नका: ती काम करते ती किरण जिथे केंद्रित होतो तिथेच. डोळ्यांना त्या तरंगलांबीसाठी प्रमाणित केलेला गॉगलच हवा.