अंबाडीचा वाख आणि भाजी : आमची वाटचाल

परभणी जिल्ह्यातील आमच्या गावात अंबाडीला कोणी पीक म्हणत नसे. तुरीच्या ओळीत मूठभर बी टाकायचे, पावसाळाभर भाजी खुडायची आणि उरलेल्या झाडांचा वाख, म्हणजे सालीतले धागे, काढून पुढच्या पोळ्याला बैलांसाठी नवे कासरे व दावी वळायची, एवढाच तिचा मान होता. नायलॉनचा दोर आला आणि वाख बंद पडला. भाजी मात्र राहिली.

2018 साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा सुतळीला पुन्हा गिऱ्हाईक मिळेल या हिशेबाने आम्ही एक एकर अंबाडी पेरली. एकाच झाडापासून भाजीही विकू आणि वाखही काढू, असा आमचा लोभ होता आणि तोच नडला. शेंडे खुडल्यामुळे झाडांना फांद्या फुटल्या, आणि प्रत्येक फांदीपाशी वाख तुटू लागला. त्या वाखाची सुतळी व्यापाऱ्याने गाठी दाखवून परत केली. त्यात त्याची चूक नव्हती. तेव्हापासून वाखासाठी दाट पेरा करतो, म्हणजे झाड सरळ वाढते, आणि भाजीचे वाफे वेगळे ठेवतो. पेरणीही मृगात साधावी लागते, कारण दिवस लहान होऊ लागला की अंबाडी फुलावर येते, आणि उशिरा पेरलेले झाड पुरती उंची न गाठताच फुलते.

खरी कसोटी हौदावर लागते. साल सुटावी म्हणून कापलेल्या झाडांच्या पेंढ्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवल्या की दहाव्या दिवसापासून रोज एक काडी मोडून पाहावी लागते; साल बोटाने सरळ निघाली पाहिजे, मात्र दोन दिवस जास्त झाले तर वाखाचा जोरच जातो. आमच्याकडे हा अंदाज दोर वळण्यात आयुष्य गेलेल्या मावशींचा चालतो. मराठवाड्यात एवढे पाणी सडवण्यात घालवणे मनाला पटत नाही, म्हणून ते काळे, उग्र वासाचे पाणी आम्ही शेतातच सोडतो.

भाजीच्या बाजूने पाने सावलीत वाळवून विकतो. पाने उकडून, आंबट पाणी काढून, ज्वारीच्या कण्यांबरोबर घोटायची आणि वरून करडईच्या तेलात लसणाची फोडणी द्यायची, हे आमच्या घरातले माप आम्ही प्रत्येक पाकिटावर छापतो. गेल्या हंगामात सुतळीपेक्षा ही पाकिटेच आधी संपली.