धोंड्याचा महिना

साडीला फॉल-पिको करायला माप लागत नाही, तरी साडी द्यायला आलेली बाई दहा मिनिटं टेकतेच. तेवढ्यात तिचं घर बघून होतं. दहावीचं पुस्तक उशाला घेऊन झोपलेला मुलगा, खिडकीशी जपमाळ ओढणाऱ्या सासूबाई, दारात सायकलची चेन बसवणारी मुलगी. मनातल्या मनात माणसं मोजून झाली की प्रश्न येतो, "ताई, एका पगारात एवढ्यांचं कसं भागवता हो? आणि मध्येच काही निघालं तर?"

हेच मला जावेनं विचारलंय, शाळेच्या गेटवर विचारलं गेलंय, भावाच्या नव्या बायकोनं तर वही-पेन घेऊन विचारलंय. बहुतेक वेळा मी "भागतं हो" म्हणून सुटते. आज तुम्ही विचारलंत म्हणून बैजवार सांगते.

आधी एक कबूल करून टाकते, कारण काटकसरीचे सल्ले देणारे नेमकं हेच गाळतात. नाशिकला सिडकोत आम्ही राहतो ते घर सासऱ्यांनी घेतलेलं आहे. भाडं नाही, हप्ता नाही. तो आधार नसता तर पुढचं काहीही जमलं नसतं. हे अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला आहेत, हातात २८,००० येतात. माझ्या शिलाईचे कधी तीन हजार, कधी पाच, लग्नसराईत सात. ते मी हिशेबात धरत नाही. दूध, रिक्षा, कुणाच्या बारशाचं पाकीट, यातच ते विरघळतात.

रोजचं भागवणं अवघड नाही. गहू वर्षाचा एकदम घ्यायचा आणि एरंडेल चोळून कोठीत भरायचा. भाजीला पवननगरच्या बाजारात रात्री आठनंतर जायचं, तेव्हा वाटे मोठे होतात आणि भाव खाली येतो. कुकरमध्ये एकावर एक तीन डबे. मीटरचा आकडा दर रविवारी कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचा, कारण महिन्याला १०० युनिटच्या पुढे गेलं की पुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो. हे तुम्हीही करत असाल. खरा प्रश्न दुसरा. निघालं तर?

मराठीत पगार होतो, पाहुणे येतात, खर्च मात्र निघतो. दगड उचलला की विंचू निघतो, तसा. विंचू आधीपासून तिथंच असतो, आपण दगड उचललेला नसतो एवढंच. हे मला कळायला २०२३ चा अधिक श्रावण उजाडावा लागला.

त्या वर्षी १८ जुलैला अधिक मास लागला. टोमॅटो दीडशेच्या वर गेलेले, सिलिंडर अकराशेच्या घरात. त्यानं घर बुडत नाही, टोमॅटोऐवजी आमसूल घालता येतं. आमचं बुडालं ते स्लॅबपायी. मे महिन्यातच गच्चीला केसाएवढी चीर दिसली होती. वॉटरप्रूफिंगवाला वर चढला, चपलेच्या टाचेनं दोन ठिकाणी ठोकलं आणि ११,००० सांगितले. मी म्हटलं, एवढा पावसाळा काढू. सातशेची ताडपत्री आणली, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि हिशेबाच्या वहीत चक्क टीप लिहिली, "स्लॅब : १०,३०० वाचले." ती टीप मी अजून खोडलेली नाही.

जुलैत पॅसेजमध्ये थेंब पडायला लागला. खाली पातेलं ठेवलं. एका रात्री पातेलं भरून वाहिलं आणि पहाटे सासूबाई देवाचं पाणी भरायला उठल्या. उजवं मनगट. एक्स-रे, प्लास्टर आणि नंतर हाताच्या व्यायामाचे पैसे धरून ८,५०० गेले. चार दिवसांनी ओल स्वयंपाकघराच्या बोर्डात उतरली, त्याचे १,२००. त्याच सुमाराला फ्रिज थंड होईना. मेकॅनिक म्हणाला, गॅस गेलाय, २,६०० घेतले. बाराव्या दिवशी म्हणाला, कॉम्प्रेसर गेलाय; आणखी ६,२००. मग पहिल्यांदा नक्की काय गेलं होतं, हे त्याला सांगता आलं नाही आणि २,६०० काही परत मिळाले नाहीत. ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर स्लॅब केलाच. तोवर आतून पोपडे पडून सळया दिसायला लागल्या होत्या, त्यामुळे ११ चे १४ हजार झाले. बेरीज ३२,५००.

माझ्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या, ३०,००० मिळाले. काउंटरच्या पलीकडच्या माणसानं पाटली काळ्या दगडावर घासली, थेंब टाकला, रेघ बघितली. तेवढा वेळ मी त्याच्या मागच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचत उभी होते. सोडवायला अकरा महिने लागले आणि व्याजाचे ३,३०० गेले. तेही त्या स्लॅबच्याच खात्यात मांडायला हवेत.

या सगळ्या धांदलीत निफाडहून आईचं बोलावणं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला घालायचं असतं. आम्हाला वाटलं, कसलं घेऊन बसलीय, भावाकडेही त्या वर्षी द्राक्षाचं काही खरं नव्हतं. पण आईनं पुरणाचे धोंडे केले, तेहतीस अनारसे दिले, यांना कपडे घेतले, सासूबाईंना साडी. परत निघताना मी तिला कोपऱ्यात घेऊन ओरडले, "कशाला गं एवढा खर्च?" ती म्हणाली, "आज थोडाच केलाय? मागचा अधिक संपला तेव्हापासून डेअरीच्या पैशातून ठेवत आले. येणार हे पंचांगात लिहिलेलं असतं की."

बसमध्ये यांनी मला पंचांगाचं गणित सांगितलं. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं. दरवर्षी अकराएक दिवस मागे पडत राहतात. कुणाला दिसत नाहीत, कुणाला बोचत नाहीत. पावणेतीन वर्षांच्या आसपास त्यांचा एक अख्खा महिना होऊन समोर उभा राहतो. आणि कुणीही म्हणत नाही की अरे, हा अचानक कुठून आला. आमचा स्लॅब तरी काय वेगळं करत होता?

त्या दिवाळीत पाडव्याला आम्ही २०२१ पासूनच्या तीन वह्या काढल्या आणि लाल पेन घेऊन बसलो. जे जे "निघालं" त्याला गोल. मिक्सरची मोटर, स्कूटरचा क्लच, माझी दाढ, चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला पाच जणांचं जाणं-येणं, मावसनणंदेच्या मुलीचं ठरलेलं लग्न, उन्हाळ्यात विजेच्या बिलासोबत येणारी जादा सुरक्षा ठेव. ती ठेव तर कितीदा आली होती, आणि दर वेळी मी शेजारी "हे काय नवीनच" असं लिहिलं होतं. सासूबाईंनी ते वाचून दाखवायला लावलं आणि पोट धरून हसल्या.

वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळं निघालं होतं, पण बेरीज? २०२१ चे २४,३००. २०२२ चे २२,७५०. तिसरं वर्ष स्लॅबनं बिघडवलं, तो सोडला तर तेही त्यातलंच. हे म्हणाले, "आमच्या स्टोअरचं असंच असतं. कुठलं बेअरिंग कधी जाईल ते सांगता येत नाही. पण वर्षाला सहा जातात हे माहीत असतं, म्हणून कपाटात दोन कायम असतात. मशीन बंद पडल्यावर बाजारात धावणाऱ्या स्टोअरकीपरला कुणी ठेवून घेत नाही." एवढी वर्षं हे माणूस ही विद्या कंपनीत ठेवून घरी येत होतं.

तर आमच्या वर्षाला तेव्हापासून तेरा महिने असतात. बारा पगारांचे ३,३६,०००, भागिले तेरा. महिन्याला २,१५० पगाराच्या दिवशीच बाजूला काढायचे आणि उरलेल्या २५,८५० चाच पगार झाला असं समजायचं. बारा महिन्यांत बाजूला २५,८०० होतात, म्हणजे जवळजवळ बरोबर एका महिन्याचं घर. मी याला "तेरावा महिना" म्हणत होते. सासूबाई म्हणाल्या, "तेरावा नको म्हणूस गं, तेरावं माणूस गेल्यावर असतं. अधिक म्हण." तेव्हापासून आमच्याकडे अधिक दरवर्षी येतो.

पैसे ठेवायचे कुठे, यात आम्ही बऱ्यापैकी ठेचा खाल्ल्या. आधी दहा बायकांची भिशी लावली. भिशीत तुमचा नंबर लागतो तेव्हा लागतो, फ्रिज थांबत नाही. ती जूनमधल्या फी-वह्यांना बरी, जिथं तारीख आधी माहीत असते. मग पोस्टातली आवर्ती ठेव बघितली. चांगली आहे, महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, पण पाच वर्षांची. तीन वर्षांआधी मोडता येत नाही आणि शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज हवं असेल तरी आधी बारा हप्ते भरलेले लागतात. ती आम्ही मुलीसाठी वेगळी ठेवली. अधिकाचे पैसे साध्या बचत खात्यात आहेत. व्याज नावापुरतं. त्या खात्याचं कार्ड घेतलं नाही आणि मोबाइलला ते जोडलं नाही. काढायचे तर बँकेत जाऊन स्लिप भरायची. तेवढ्या रांगेत अर्धे खर्च गळून पडतात.

आणि एक वाटणी. ही सासूबाईंची आहे, मनगटातून आलेली. काही निघालं की त्या विचारतात, "कोथिंबीर का कांदा?" कोथिंबीर आज नाही वापरली तर उद्या सडते आणि शेजारची भाजीही ओली करते. कांदा चार महिने टोपलीत पडून राहील, त्याला काही होत नाही. गळका नळ, स्कूटरचे ब्रेक, दुखणारी दाढ ही कोथिंबीर, त्याच दिवशी पैसे काढायचे. बंद पडलेला टीव्ही कांदा. तो आमच्याकडे सात महिने बंद होता आणि त्याच्यावर इस्त्रीचे कपडे छान राहायचे. माझा चष्मा मी उगाच कांद्यात टाकला होता. नंबर वाढलाय हे कळत असून वर्षभर ढकललं आणि एका गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाउजची बाही उलटी बसवली. उसवताना कापड विरलं. कापडाचे ९०० भरून दिले, आणि त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं, म्हणून न गोड वाटणारंही सांगते. गेल्या हिवाळ्यात मुलीच्या दप्तराचा खण साफ करताना सहलीचं पत्रक सापडलं. वेरूळ आणि दौलताबाद, एक मुक्काम, १,८५० रुपये. पैसे भरायची तारीख तीन दिवसांपूर्वी होऊन गेलेली. "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "मीच ठरवलं, कांदा आहे." तिच्या तोंडावर रागही नव्हता, रडू नव्हतं. घरातल्या मोठ्या माणसासारखं बोलली. मला तेच झोंबलं. आम्ही तिच्यासमोर वह्या उघडल्या होत्या ते तिला शहाणं करायला, आणि तेरा वर्षांची पोर पत्रकं लपवायला शिकली होती.

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "कांदा कसला? आठवीची सहल म्हणजे कोथिंबीर." मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. बाईंनी एक जागा रिकामी असल्याचं सांगितलं आणि पैसे घेतले. मुलगी गेली, किल्ल्यावरच्या अंधाऱ्या वाटेत वटवाघळं बघून किंचाळली, घशाची वाट लावून परत आली. पण अजूनही काही हवं असलं की ती आधी माझ्या चेहऱ्याकडे बघते. ते कसं घालवायचं, हे कुठल्याच वहीत सापडलेलं नाही.

सध्या अधिकाच्या खात्यात जेमतेम १,९०० आहेत. गेल्या महिन्यात टाकीवर पाणी चढवायची मोटर जळाली, वाइंडिंगचे २,४०० गेले, आणि त्याआधी मुलाचा दात होता. दोन्ही कोथिंबीर. पाटल्या हातात आहेत.

हे एवढं सगळं मी परवा साडी घेऊन आलेल्या ताईंना सांगितलं. चहा झाला. त्या मान डोलावत होत्या, दोनदा "अगदी खरं" म्हणाल्या. उठताना विचारलं, फॉल-पिकोचे किती? मी दीडशे सांगितले.

"शंभर करा की ताई. तुमचं तर छान भागतंय."

दीडशेच घेतले.